कुपीतलं तेल हलेना

“इंजिनाला तेल मिळत नाही, हे तुला कोणी सांगितलं?”

“कुपीनं,” शर्वरी म्हणाली.

लोपीस सरांनी मान डोलावली आणि हँगरच्या दारातून धावपट्टीकडे बघत राहिले. कुंपणाशी दोन-चार गाड्या येऊन थांबल्या होत्या. दुपारी विमान उडणार म्हणून आसपासच्या गावांतले लोक आताच जमायला लागले होते.

विमान शर्वरी दाभाडेनं बांधलेलं. साताऱ्याकडच्या त्या माळावर चार वर्षं राबून तिनं शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याचं दुपंखी विमान उभं केलं होतं. लाकूड नवं, कापड नवं. इंजिन मात्र त्या काळातलं. ते बिघडलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं.

सिल्वेस्टर लोपीस मूळचे वसईचे, आता साताऱ्यात राहणारे. जन्मभर विमानदुरुस्ती शिकवत आलेले, आणि शर्वरी त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. नुसत्या आवाजावरून ती बिघाड सांगायची. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. पंचाईत तीच होती; आपला अंदाज पडताळून बघायची सवय तिला लागली नव्हती.

त्या इंजिनाची तऱ्हा न्यारी. पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं. त्याला एरंडेल लागतं, आणि एकदा आत गेलेलं एरंडेल टाकीत परत येत नाही. धुराबरोबर बाहेर उडतं. वैमानिकाच्या नाकातोंडातही जातं. म्हणून उड्डाणाच्या दिवशी हे विमान उडवणारे कॅप्टन मोहिते संध्याकाळचं कुठलंच आमंत्रण घेत नसत.

तेल वाहतंय की नाही हे कळावं म्हणून वैमानिकासमोर काचेची एक छोटी कुपी असते. पंप चालला की तिच्यातलं तेल नाडीसारखं वरखाली होतं.

गेला आठवडाभर ते हललं नव्हतं.

शर्वरीनं टाकीची जाळी धुतली. पंप उघडून बसवला, मग पंपच बदलला. मोठी नळी बदलली. शेवटी कुपीवरच संशय आला म्हणून तिच्या जोडीला तेलाचा दाब दाखवणारा नवा काटाही लावला. पंप हातानं फिरवला, तरी काटा शून्यावरून हलला नाही. इंजिन चालू करायचं धाडस मात्र तिनं केलं नव्हतं. आज उड्डाण रद्द करावं, असं तिनं सकाळीच सरांना फोनवर सांगितलं होतं. सर चर्चमधून परस्पर इकडे आले होते.

“दोघं एकच सांगतायत सर. तेल नाही.”

“दोघं कोण?”

“कुपी आणि काटा.”

“आणि इंजिन काय म्हणतं?”

“इंजिनाला कसं विचारणार? कोरडं चाललं तर जाम होईल.”

“हं…”

सरांनी फडकं मागून घेतलं आणि इंजिन बाहेरून स्वतः पुसून काढलं. पुढचं पत्र्याचं आवरण उतरवायला लावलं. विमान बाहेर काढून चाकांना अटकाव लावले, शेपटी दोरानं बांधली. मग कॅप्टन मोहित्यांना बसायला सांगून म्हणाले, मी हात वर केला की त्या क्षणी बंद करा.

आणि स्वतः जाऊन उभे राहिले ते डाव्या पंखामागे, जिकडे तेल उडतं नेमके तिकडेच. अंगात रविवारचा शर्ट. पांढरा, कडक इस्त्रीचा.

शर्वरी त्यांना मागे ओढायला निघाली. त्यांनी नुसतं बघितलं… ती थांबली.

इंजिन फुरफुरलं आणि फिरायला लागलं. गवत मागे आडवं झालं. शर्वरीची नजर शर्टावर खिळली होती. शर्ट फडफडत होता, पण स्वच्छ होता. सरांचा हात किंचित हलला.

तेवढ्यात खिशापाशी एक ठिपका उमटला. मग दुसरा.

तिनं आनंदानं कॅप्टनना इंजिन बंद करायची खूण केली. सरांनी नकारार्थी मान हलवली. आतलं जुनं राहिलेलं असेल, असं ते ओरडून म्हणाले आणि होते तिथेच उभे राहिले. ठिपक्यांचे डाग झाले, डागांचे ओघळ झाले. चष्म्याच्या काचा पिवळसर झाल्या तेव्हा कुठे त्यांनी हात वर केला.

कुपीतलं तेल तेव्हाही हललेलं नव्हतं.

शर्वरी कुपीकडे बघत राहिली… काट्याकडे बघत राहिली… मग एकदम विमानाखाली शिरली. दोघांना तेल एकाच बारीक नळीतून येत होतं. मोठ्या नळीचा तो फाटा तिनं बदललाच नव्हता. सोडवून तार घातली तर आतून सुकलेल्या एरंडेलाचा गोळा निघाला, डिंकासारखा चिवट. नळी धुऊन बसवली, आणि पुन्हा इंजिन लावल्यावर कुपीतलं तेल टुकटुक उड्या मारायला लागलं.

दुपारी विमान उडालं. कॅप्टन मोहित्यांनी माळावरून दोन घिरट्या घातल्या आणि उतरल्याबरोबर, टाळ्या घ्यायलासुद्धा न थांबता, हँगरमागे धूम ठोकली. लोक पोट धरून हसले. शर्वरी हसता हसता रडली.

गर्दी पांगल्यावर ती सरांजवळ येऊन बसली. ते फडक्यानं मान पुसत होते.

“तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना, तेल जातंय म्हणून?”

“नाही.”

“नाही?”

“नाही.”

तिनं विचारलं, “आणि तेल नसतंच आलं तर?”

सरांनी स्वतःकडे एकदा खाली बघितलं.

“तर शर्ट वाचला असता.”