अर्धा फोटो, पूर्ण दंड

एका गावात एक रिक्षावाली होती, आणि ती खरं सांगत असताना गावातल्या एकाही माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. सख्ख्या नवऱ्यानेसुद्धा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर सगळे म्हणायला लागले, आम्हाला ठाऊकच होतं.

तिचं नाव द्वारका. गावातली लहान पोरं रिक्षात बसवून ती हायवेपलीकडच्या शाळेत सोडायची. पोरांच्या आया तिच्या भरवशावर निवांत चहा प्यायच्या.

एका रविवारी हायवेच्या कडेला रिक्षाचं इंजिन जाम झालं. तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष पिकअप घेऊन आले. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. दोघांनी फळ्या लावून रिक्षा पिकअपमध्ये चढवली, दोराने आवळली. द्वारका चालत घरी गेली. अप्पांनी रिक्षा तालुक्याच्या गॅरेजपुढे नेऊन ठेवली. गॅरेज बंद होतं, बघणारं कुणी नव्हतं.

रिक्षा दुरुस्त होऊन आली, आणि मागोमाग मोबाइलवर चलान आलं. त्याच रविवारचं. वेग ताशी ब्याऐंशी किलोमीटर. सोबत फोटो, त्यात फक्त रिक्षाच्या पाठीवर रंगवलेला नंबर.

"अहो, रिक्षा तर अप्पांच्या पिकअपवर होती! बंद इंजिन काय पळणार?" द्वारका म्हणाली.

"मी सोमवारी पहाटे नेली," अप्पा म्हणाले. "रविवारी तू काय विमान उडवलंस, ते तुलाच माहीत."

एकीकडे अध्यक्षांचा शब्द, दुसरीकडे कॅमेऱ्याचा फोटो. मधे द्वारका.

"कॅमेरा कशाला खोटं बोलेल, द्वारकामावशी?" एक आई म्हणाली. "राग नको मानू, पण मला एकच पोरगं आहे." आणि तिने पोराला रिक्षातून उतरवून घेतलं. मग दुसरीने घेतलं. आठवडाभरात रिक्षा रिकामी.

एका संध्याकाळी अप्पा द्वारकाच्या दारात आले. आवाज एकदम मऊ. "दंड मी भरतो. तू फक्त चूक झाली म्हण. लोक विसरतात गं."

"दंड तुम्ही भराल, अप्पा. माझी गेलेली पोरं कोण आणून देणार?"

अप्पा गेल्यावर नवरा करवादला, "अगं, फुकटात मिटत होतं!"

"तुमचं मिटत होतं. माझं नाव फुकट आलंय का?"

सकाळी ती वाहतूक शाखेत गेली. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "बाई, वेग यंत्राने मोजलाय. मी नाही."

"मग यंत्राने काढलेला अख्खा फोटो दाखवा. मला पाठवलाय तो नंबरापुरता कापलेला तुकडा आहे."

"उद्या या."

ती उद्या गेली. परवाही गेली. डबा घेऊन बाकावर बसायला लागली. तिथेच जेवायची, तिथेच डबा धुवायची. शेवटी आतले साहेब वैतागून बाहेर आले. "काय पाहिजे या बाईला? फोटो ना? मग दाखवा आणि सोडवा मला!"

खिडकीतल्या माणसाने फोटो उघडला. रिक्षा होती, पण तिची चाकं रस्त्यावर नव्हती. ती पिकअपवर दोराने बांधलेली होती. पिकअपच्या नंबरावर ताडपत्रीचं टोक लोंबत होतं. पण मागच्या फळीवर दोन मोर काढलेले होते आणि मधे अप्पांच्या नातवंडांची नावं, लांबून वाचता येतील एवढी मोठी.

साहेबांना हसू आवरेना. "बाई, तुमची रिक्षा ब्याऐंशीने गेली खरी. पण दुसऱ्याच्या चाकांवर!"

दंड तिथल्या तिथे रद्द झाला. द्वारकाने तो फोटो पोस्टरएवढा करून घेतला आणि शाळेच्या फाटकावर टांगला. गाव लोटलं.

"फोडून टाकू तो कॅमेरा!" कुणीतरी ओरडलं.

"हात लावून तर बघा!" द्वारका कडाडली. "त्याच रस्त्याने माझी पोरं जातात. कॅमेऱ्याने चोर बरोबर पकडला होता. त्याचा फोटो कापणारा चुकला, आणि तुकडा बघून मला नावं ठेवणारे तुम्ही चुकलात."

अप्पा तिच्या जवळ येऊन पुटपुटले, "चुकलो, बाई."

"माझ्या कानात नको, अप्पा. तिकडे प्रार्थनेचा माइक आहे."

अप्पांना माइकवर बोलावं लागलं. सगळ्या शाळेपुढे.

दुसऱ्या दिवशी आयांनी आपणहून पोरं आणून रिक्षात बसवली. जागेसाठी भांडणं झाली. अप्पांची नातवंडं लांब उभी होती. द्वारकाने त्यांनाही हाक मारली. त्या लेकरांनी काय कुणाचं घोडं मारलं होतं?

तात्पर्य: वेग मोजणारं यंत्र हवंच, पण अर्धा फोटो बघून कुणाला पूर्ण दोषी ठरवू नये, आणि आपण खरे असू तर दुसरा पैसे भरतोय म्हणून त्याची चूक आपल्या नावावर घेऊ नये. चलान ज्याचं त्याच्याच नावावर गेलं पाहिजे. या गोष्टीत ते शेवटी गेलं, आणि त्यावर अप्पांचं पूर्ण नाव होतं, विश्वंभर हिरामण लाटे.