शहाजादीचा वाटा

“...पन बाबा, काल ताटात काय व्हतं, हे कोनाच्या बापाच्या ध्यानात ऱ्हातंय?”

आसं इराप्पा इचारत व्हता. गुलाबशा फकिराला.

थांबा. फुडचं ऐकायच्या आदी पैज लावा. ह्या गोष्टीत शेवटाला एकाला भुर्दंड पडतो. कोनाला, ते वळखून दावा!

इराप्पाचं नाव घिऊ नका, ते तर कुनीबी घील. फकिराचंबी घिऊ नका. त्येच्यापाशी फाटक्या कफनीबिगर हाय काय, म्हनून त्येला भुर्दंड पडंल?

वळखा, वळखा. डोकं खाजवा. तवर गोष्ट ऐका.

इराप्पा हत्तुरे म्हंजे लगनाचा ठेकेदार. मांडव त्येचा, वाजंत्री त्येची, पंगतीचा सैपाक त्येचा. आख्ख्या तालुक्याला बासुंदी खाऊ घालनारा गडी, पन सोता कवा पाटावर नीट बसल्याला कुनी बघितला न्हाई. दोन हातांत दोन मोबाईल. तोंडात घास आन कानात “हॅलो”.

त्येची बायको महानंदा. तिच्या हाताला आशी चव, की शेजारीन वास घिऊन भाकरी खायाची. पन घरात चव सांगायला दुसरं हाय कोन? आमटी आसू दे, पोळी आसू दे, ह्यो आपला ताट रिकामं करायचा, “फक्कड झालंय” म्हनायचा, आन चपला पायात.

मंग तिनं एक दिस गंमत केली. निसत्या पान्यात भात शिजवला. मीठ न्हाई, तूप न्हाई, वर आमटीचा थेंब न्हाई. वाढला ताटात.

इराप्पानं वरपला.

“फक्कड झालंय!”

दुसऱ्या दिशी सकाळी महानंदानं चूल सारवली, आन पेटवलीच न्हाई.

“काल ताटात काय व्हतं ते सांगा. मंग पेटवते.”

“वांगं,” इराप्पा म्हनला.

तिनं चुलीकडं पाठ केली.

“भेंडी... आमटी... थांब, थांब, पिठलं!”

ती उठून आत गेली. गाठोडं बांधायचा आवाज आला.

“मी म्हायेराला जाते. तितं माज्या भावाचं पोरगं हाय. बोबडं हाय, पन सांगतंय तरी, ‘आत्या, आज मीथ जाश्त झालं.’”

महानंदानं एकदा गाठ मारली, की ती सोडवायला देव खाली आला तरी उपेग न्हाई. बायको जाती म्हंजे घर जातंय, येवढं इराप्पाला कळत व्हतं. पन बसून तिची समजूत काढायची म्हंजे येळ पायजे... आन त्येच तर न्हवता!

म्हनून गडी फटफटीवर बसला आन वाटंत दोन मांडवांवर थांबून पिराच्या माळावर.

तितं गुलाबशा बाभळीखाली बसायचा. पौषाचं कवळं ऊन, म्होरं त्येच्या वाट्याची जवारी, गूळभेंडी जातीची, कनसं हुरड्याला आल्याली. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटल्याली. कुनी रडत येऊ दे, कुनी भांडत येऊ दे, फकीर आदी त्येच्या म्होरं हुरडा ठिवायचा.

आन त्येची एक शेळी व्हती. नाव शहाजादी. जाड म्हंजे इतकी जाड, की बसली की उठायच्या आदी इचार करायची. आता गंमत बघा. तिला चरायला सोडलेली कुनी बघितली न्हाई. फकीर तिला मूठभर पाला घालताना कुनी बघितला न्हाई. मंग ती शेळी खाती काय?

हेबी वळखून ठिवा!

“तावीज द्या, बाबा,” इराप्पा हुबाच. “दंडात बांधतो. काल काय खाल्लं ते ध्यानात ऱ्हायला पायजे, बास. बायको चाललीया म्हायेराला.”

“देतो की. आदी हुरडा खा.”

“सवड न्हाई. डब्यात भरून द्या. वाटंत खातो.”

फकीर खो खो हसला. दाढी हलली.

“डब्यात? आरं, लाडू हाय का त्यो? आगटीतनं हातात, हातातनं तोंडात. मदी थांबला की मेला हुरडा.”

“मंग द्या लवकर!”

“बस. कर हात फुडं.”

इराप्पा बसला. हात केले फुडं. दोन्ही हातांत मोबाईल.

फकिरानं हातातलं कनीस परत राखंत सारलं.

“कनीस चोळायला दोन तळहात लागत्यात, बेटा. तुजे दोन्हीबी भाड्यानं गेल्यात.”

“मंग कुनीतरी चोळून द्या की वो!”

आगटीच्या पल्याड, धुरात, एक बाई बसली व्हती. तोंडावर पदर वढलेला. फकिरानं तिला इशारा केला. तिनं भराभर कनसं चोळली, सुपात घिऊन फू फू करून भुसकट उडवलं, आन हिरवंगार दानं जर्मलच्या ताटलीत वतलं. बाजूला शेंगाचटनी, गुळाचा खडा, दह्याचा गोळा.

ती बाई कोन, आसं मला इचारू नका. इराप्पानं तरी कुटं इचारलं?

ताटली त्येच्या मांडीम्होरं आली. वाफ निगतीया... आता हात घालनार, तवर उजवा मोबाईल वाजला.

“हॅलो! बासुंदी घट्ट पायजे म्हंजे पायजे! चमचा हुबा ऱ्हायला पायजे त्येच्यात!”

शहाजादी उठली.

इचार न करता उठली! डुलत डुलत आली आन घातलं की ताटलीत तोंड.

फकीर बघतोय. बाई बघतीया. शेळी खातीया. आन इराप्पा ताटलीच्या वरनं हात हलवून बासुंदी आटवतोय.

ताटली लख्ख झाली. बाईनं दुसरी भरली.

डावा मोबाईल वाजला.

“आवो, मसालेभातात काजू दिसू द्या की! पावन्यांनी काय दुर्बीन आनायची का?”

शहाजादीनं तीबी चाटून पुसून साफ केली, आन त्येच्या गुडघ्याला टेकून रवंथ करत बसली.

इराप्पानं बोलनं संपवलं. खाली बघितलं. ताटली रिकामी.

त्येनं मनगटानं तोंड पुसलं.

“कसा व्हता हुरडा?” गुलाबशानं इचारलं.

“फक्कड!”

...

“गोड व्हता?”

“एकदम गोड! पोट टम्म झालं बगा. द्या आता तावीज.”

...

पल्याडच्या बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला व्हता. हसत व्हती का रडत व्हती, धुरात दिसंना.

गुलाबशानं काय केलं? इराप्पाची हनुवटी धरली आन त्येचं तोंड शेळीकडं फिरवलं.

शहाजादीच्या दाढीत हिरवं दानं आडकल्यालं. नाकाला दही. डोळं आरधं मिटून ती आशी सावकाश चावत व्हती, की बघनाऱ्याच्या तोंडाला पानी सुटावं.

इराप्पानं शेळी बघितली. ताटली बघितली. व्हटावरनं जीभ फिरवली. कोरडी.

“मी... मी खाल्लाच न्हाई?”

“मला काय इचारतोस? तोंड तुजं.”

पौषाच्या थंडीत गड्याला दरदरून घाम फुटला. शेळीनं खाल्लं आन आपलं पोट भरलं? मंग आजवर आपन काय खाल्लं? दिवाळीला? मेव्हन्याच्या पोराच्या बारशाला? त्येनं मागं मागं जाऊन बघितलं, तर समदीकडं रिकामं ताट आन कानात “हॅलो”.

“बाबा,” त्यो बारीक आवाजात म्हनला, “माज्या सोताच्या लगनात तरी मी जेवलो व्हतो का वो?”

फकिरानं निसती आगटी ढोसली.

पन धुराच्या पल्याडनं आवाज आला.

“तवा जेवला व्हता. जिलबी कडक हाय म्हनून कुरकुर केली व्हती. माज्या बानं दुसरी तळून आनली तवा गप बसला.”

इराप्पा उडालाच!

“म्हानंदे? तू? हितं?”

तिनं पदर मागं सारला. मांडीला लागून गाठोडं व्हतं.

“म्हायेरच्या वाटंवर बाबाचा माळ लागतोय. निरोप घ्यायला आलते.”

“आन मगाधरनं तूच...”

“मीच. तुमच्या म्होरं. हातभर लांब.”

...

इराप्पानं दोन्ही मोबाईल शहाजादीम्होरं ठिवले. तिनं हुंगलं, आन तोंड फिरवलं.

मंग त्येनं दोन्ही रिकामं हात आगटीकडं केले.

गुलाबशानं राखंतनं कनीस वढलं आन त्येच्या हातावर टाकलं. तापलेलं!

“आई गं!”

“चोळ!” फकीर वरडला. “चोळ, चोळ, थांबू नगंस!”

इराप्पा चोळाय लागला. ह्या हातातनं त्या हातात, बसून नाचल्यावानी. फुंकर मारली तर भुसकट समदं त्येच्याच डोळ्यात. डोळ्यांतनं पानी, नाकातनं पानी, तळहात लालभडक. पन मुठीत दानं आलं! हिरवं, मऊ, वाफाळल्यालं.

टाकलं तोंडात. वर बोटभर चटनी.

...

मागं मोबाईल वाजला. इराप्पा चावत व्हता.

दुसरा वाजला. इराप्पा चावत व्हता.

महानंदाचा हात गाठोड्याच्या गाठीवर व्हता.

“कसा हाय?” तिनं इचारलं. लई हळू.

त्येच्या व्हटावर “फक्कड” आलंच व्हतं. सवयच ती! ते त्येनं घासासंगं गिळलं.

“जरा करपलाय,” त्यो म्हनला.

“आन?”

“आन चटनीत... लसून कमी हाय.”

महानंदा आशी हसली, आशी हसली, की बाभळीवरची व्हलं-पाखरं उडाली.

“संपला व्हता!” ती टाळी वाजवून वरडली. “बाबा, खरंच लसून संपला व्हता घरात! सकाळी गाठोडं बांधताना मीच कुटली चटनी, वाटंत खायाला. दोनच पाकळ्या व्हत्या. वळखलं ह्यांनी! वळखलं!”

डोळ्यांत पानी आन तोंडभर हसू. गाठोडं गडगडत बाजूला गेलं, तिचं ध्यान न्हाई.

“माज्या भाच्यापरास बरं सांगितलं की न्हाई, बाबा?”

“भाचा बोबडा हाय,” फकीर म्हनला. “पन बरं सांगितलं.”

मंग काय बघता! इराप्पा चोळतोय, महानंदा खातीया. महानंदा चोळतीया, इराप्पा खातोय. “ह्यो कवळा.” “ह्यो निबार निघाला.” “गूळ घ्या की.” “तू करपल्यालं का देतीस मला?” “आवो, भुसकट नीट उडवा, घशात आडकतंय!” मोबाईल मातीत थरथरत गोल गोल फिरत व्हते. कुटंतरी एका पंगतीत बासुंदी पातळ झाली आसंल. होऊ दे.

आगटी इझली तवा टोपल्यात कनीस ऱ्हायलं न्हाई. सुपात दाना ऱ्हायला न्हाई. चटनीचा वाडगा इराप्पानं बोटानं पुसला.

महानंदानं गाठोडं उचललं आन त्येच्याच काखंत दिलं.

“चला घरी. चूल पेटवते. पन लसून आनायला लागंल.”

“मी आनतो,” इराप्पा म्हनला. “सोलूनबी देतो.”

जाता जाता गडी वळला. तावजाची आठवनसुदिक झाली न्हाई त्येला. फकिराच्या पायाला हात लावून म्हनला, “बाबा, तुमचं काय देनं लागतो मी?”



शहाजादी उठली व्हती. ती पैल्या ताटलीपाशी गेली. तोंड घातलं... काय न्हाई. दुसरीपाशी गेली. काय न्हाई. सुपात बघितलं, टोपलं पालथं केलं. मंग फकिराच्या म्होरं येऊन हुबी ऱ्हायली आन लांब सुरात वरडली.

गुलाबशानं तिच्या जाडजूड पाठीवरनं हात फिरवला.

“मला कसलं देनं, बेटा? हिच्याकडं बघ. किती वर्सांनी आज माजी शहाजादी उपाशी निजनार.”