बिराजदारांच्या घराचा इसार

“एवढं सगळं दाखवतोस, तर घर जात का नाही?” अक्कांनी विचारलं.

मल्लिनाथ बिराजदारांना हा प्रश्न आवडला नाही. तेच विचारायला तर ते मठात आले होते.

मी त्यांच्या मागं भिंतीला टेकून बसलो होतो. मी घरांची दलाली करतो, आणि बिराजदारांचं घर तीन वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. सूतगिरणी बंद झाल्यापासून आमच्या गावात दर चौथ्या दारावर ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसते. घेणारा एखादाच, तोही निवांत येतो. सगळं बघतो, चहा पितो, “घरी विचारून सांगतो” म्हणतो आणि पुन्हा फोन उचलत नाही.

अक्कांचं वय ऐंशीच्या पुढं. दीक्षा घेण्याआधी त्या गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायच्या, असं जुनी माणसं सांगतात. त्या प्रवचन करत नाहीत. प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. शहाणी माणसं त्यांच्याकडं जायचं टाळतात ते यामुळंच.

बिराजदार शहाणे होते, तरी आले. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून तीस वर्षं काढली, एक बोल्ट इकडचा तिकडं होऊ दिला नाही, हा त्यांचा अभिमान. तो खोटा नाही. घर विकायला काढलं तेव्हा मी जे जे सांगितलं ते त्यांनी माझ्यापेक्षा चोख केलं. भिंतींना दोन हात रंग दिला. गळक्या तोट्या बदलल्या. अंगणातलं भंगार हलवलं. गिऱ्हाईक यायच्या आधी खिडक्या उघडायच्या, भर दिवसासुद्धा दिवे लावायचे, हे त्यांनी कधी चुकवलं नाही. एका कागदावर सगळं टाईप करून घेतलं होतं. सागवानी चौकटी, शहाबादी फरशी, बोअर दोनशे ऐंशी फूट, पाणी बारमाही.

तो कागद त्यांनी अक्कांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

फक्त भावाच्या बाबतीत त्यांनी माझं ऐकलं नाही. त्या गल्लीत बावीस लाखाला घर जात नव्हतं. बिराजदार अडतीस सांगत होते.

“माझं घर बावीसचं नाही,” ते अक्कांना म्हणाले. “बाजार पडला म्हणून वस्तू हलकी होत नाही. वास्तूतच काही आडवं येत असेल तर विभूती द्या. घरभर लावतो.”

अक्कांनी विभूती दिली नाही. त्या माझ्याकडं वळल्या.

“तू बोल की. गिऱ्हाईक काय म्हणतंय?”

मी बिराजदारांकडं न बघता सांगितलं. आतापर्यंत सतरा जण येऊन गेले. घर घेणारा माणूस आधी बाहेरून फेरी मारतो. रस्त्याच्या अंगाला पाच खिडक्या आहेत. आत गेल्यावर त्याला चारच सापडतात. मग तो विचारतो, पाचवी कुठल्या खोलीची? बिराजदार म्हणतात, अडगळ आहे, दाखवण्यासारखं काही नाही. चांगल्या दर्शनी खोलीत अडगळ कोण ठेवतं… माणूस हातातला कप खाली ठेवतो. त्यानंतर भाव विचारायचा म्हणून विचारतो.

“कुणाची खोली?” अक्का म्हणाल्या.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांनाही असणार.

“बसूची,” बिराजदार म्हणाले.

बसवराज त्यांचा एकुलता मुलगा. पुण्यात नोकरीला होता. कावीळ झाली म्हणून घरी आला, त्या खोलीत चाळीस दिवस झोपून होता, आणि तिथंच गेला. वय सव्वीस. याला आता चार वर्षं झाली. त्या दिवसापासून खोलीला कुलूप आहे, आणि किल्ली बिराजदारांच्या आतल्या खिशात असते. अंघोळीला जातानासुद्धा ते ती बाहेर ठेवत नाहीत.

अक्कांची नजर दाराकडं गेली.

मग त्यांनी विचारलं, “शिवलीला कुठं झोपते?”

शिवलीलाबाई दाराजवळच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. बिराजदारांच्या पत्नी. दर्शनाला येते म्हणाल्या म्हणून आमच्याबरोबर रिक्षातून आल्या होत्या, आणि आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदर सारखा करायला त्यांनी हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत. तो हात मला बघवत नव्हता.

उत्तर बिराजदारांनी दिलं. ती बाहेर व्हरांड्यात झोपते. तिचीच मर्जी. बसू गेल्यापासून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. आत त्याचं कण्हणं ऐकू येतं म्हणते. शेगडीही तिनं बाहेरच मांडलीय, भाकरी तिथंच भाजते आणि त्यांचं ताट उंबऱ्यावरून आत सरकवते. लातूरला मुलगी आहे, ती बोलावून थकली. पण ही त्यांना सोडून जायला तयार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, वजन छत्तीसवर आलंय, असं उघड्यावर अजून एक हिवाळा काढणं हिला झेपायचं नाही.

“बसूचे दिवस झाले तेव्हाच मी हिला शब्द दिलाय,” बिराजदार म्हणाले. “घर विकू आणि दोघं लातूरला जाऊ. तिच्यासाठीच विकतोय, अक्का.”

त्यांचा आवाज खरोखरच कातर झाला. माणूस नाटक करत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

“आणि गिऱ्हाईक येतं तेव्हा?” अक्कांनी विचारलं. “तेव्हा ही कुठं असते?”

…

हे उत्तर माझ्याकडं होतं. घराचा सौदा पायरीवरच अर्धा होतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. पायरी चढली की समोर व्हरांडा. तिथं वळकटी, काळी पडलेली शेगडी आणि अशी बाई दिसली तर आत शिरायच्या आधीच घर गिऱ्हाइकाच्या मनातून उतरतं. म्हणून मीच सांगितलं होतं, वळकटी उचला आणि बाईंना शेजारी पाठवा. सतरा वेळा त्या शेगडी उचलून शेजाऱ्यांच्या परसात जाऊन बसल्या होत्या. एकदा पावसात. कुरकूर केली नाही.

मला लाज वाटली, पण हे सगळं मी अक्कांना सांगितलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग उठून कोनाड्यातून विड्याचं एक पान काढलं, कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढला, पानावर ठेवला आणि पुन्हा बिराजदारांसमोर येऊन बसल्या.

आमच्याकडं घराचा इसार असाच देतात. मोठी रक्कम नंतर, कागदावर. आधी पानावर एक रुपया. मालकानं तो पानासकट घ्यायचा आणि मूठ मिटायची. मूठ मिटली की सौदा झाला, मग भाव एका पैशानंही हलत नाही. मूठ मिटून शब्द फिरवलेला माणूस आमच्या गावात मी बघितलेला नाही.

“मठाला घर पाहिजे,” अक्का म्हणाल्या. “म्हातारीकोतारी येतात, त्यांना टेकायला जागा नाही. सोलापूरचे एक भक्त पैसे देतायत. अडतीस ना? अडतीस.”

मी ताठ बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी तो आकडा हसल्याशिवाय उच्चारला होता. खोटं कशाला बोलू, माझी दोन टक्के दलाली मी तिथल्या तिथं मनात मांडून मोकळा झालो.

शिवलीलाबाईंनी मान वर केली होती.

बिराजदारांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. अर्ध्यात थांबला.

“अडतीसमध्ये बोअरची मोटर धरलेली नाही,” ते म्हणाले. “चौकटीही जुन्या सागवानाच्या आहेत. बेचाळीस होतील.”

“बेचाळीस,” अक्का म्हणाल्या.

बिराजदारांनी चेहऱ्यावरून रुमाल फिरवला. रजिस्ट्रीचा खर्च घेणाऱ्यानं करायचा असतो, असं काहीसं पुटपुटले. अक्का म्हणाल्या, करू. तोंडाला येईल ते बिराजदार बोलत होते, अंगणातल्या नारळाचं, शेजारच्या भिंतीच्या हद्दीचं. अक्का प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेल्या.

“पन्नास,” बिराजदार म्हणाले.

“साहेब…” मी म्हणालो.

“पन्नास,” अक्का म्हणाल्या.

पान पुढंच होतं. अक्कांनी हात खाली घेतला नाही. बिराजदार त्या रुपयाकडं बघत राहिले. बाहेर कुणीतरी पायऱ्या झाडत होतं. पायऱ्या झाडून झाल्या, तरी ते बघतच होते.

“ती खोली सोडून,” ते शेवटी म्हणाले. “ती एक खोली सोडून बाकीचं घ्या, अक्का. फुकट घ्या.”

आणि ते रडायला लागले. साठीच्या पुढचा, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस, कुणाकडं न बघता रडत होता. सतरा गिऱ्हाइकं मी उगाच आणली, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या भावात त्या पोराची खोली होती, आणि तिला पुरेल असा आकडा बाजारात नव्हता. त्यांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मला आठवल्या.

अक्कांनी पान जमिनीवर ठेवलं. बिराजदारांना रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हात ठेवला नाही.

“राहू द्या, अक्का,” शिवलीलाबाई म्हणाल्या.

मठात आल्यापासून त्यांचा हा पहिला शब्द. त्या नवऱ्याकडं बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग कुठंच नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“राहू द्या. त्यांना नाही जमायचं. माझं चाललंय तिथं, काही अडत नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “आता मला थंडीसुद्धा वाजत नाही.”

बिराजदारांनी मान वर करून बायकोकडं बघितलं. बहुधा बऱ्याच दिवसांनी बघितलं असावं, कारण ते रडायचे थांबले.

अक्का सरकत सरकत खांबापर्यंत गेल्या. त्यांनी शिवलीलाबाईंचा हात आपल्या हातात घेतला, मनगटाभोवती बोटं गुंडाळली. बोटं गुंडाळूनही उरली. तो हात तसाच धरून ठेवून त्यांनी बिराजदारांना हाक मारली.

“मल्लू…”

“काय, अक्का?”

“हिच्या नावानं दुसरी खोली बंद झाली, की मग भाव किती सांगशील?”