ढोल आधी वाजला

एका तळ्याच्या काठावर दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आधी कुणाच्या शेतांना, यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, डोकी फोडण्यापेक्षा ती चालवा! दरवर्षी बांधावर बुद्धिबळाचा एक डाव. जिंकेल त्या गावाला पाणी आधी.

वरच्या गावाचा खेळाडू भलताच जोरदार होता. त्याची सुरुवात ठरलेली: प्यादं, घोडा, मग वजीर थेट मैदानात! ती इतकी ठरलेली, की गावचा ढोलवाला त्याने हात उचलायच्या आधीच ढोल बडवायचा. समोरच्याची निम्मी हिंमत तिथंच संपायची.

त्या वर्षी खालच्या गावाने पाठवली एक नवी सून. वरचं गाव हसून हसून लोळलं.

डाव सुरू झाला. धडाम! प्यादं. धडाम! घोडा. शिट्ट्या, आरोळ्या, काय तो जल्लोष! सुनेने हळूच आपला उंट बाहेर काढला आणि वजिराच्या ठरलेल्या घरावर तिरका रोखला. खेळाडू मात्र गर्दीकडे बघून मिशीला पीळ देत होता.

"काका, माझी खेळी बघितलीत ना?" सुनेने विचारलं.

"तुझी कशाला बघू? माझी ठरलेली आहे!"

धडाम! ढोल वाजला. खेळाडूने वजीर उचलला आणि तेव्हा कुठे त्याची नजर पटावर गेली. उंट नेमका त्याच घरावर रोखलेला! वजीर अजून हातातच होता, दुसऱ्या घरात ठेवता आला असता. पण ढोल तर वाजला होता! आता थांबलो तर लोक काय म्हणतील? त्याने वजीर ठरलेल्या घरातच ठेवला.

उंटाने वजीर मारला. खालच्या गावाची अशी आरोळी उठली, की तळ्यावरचे बगळे उडाले! थोड्याच वेळात शह आणि मात.

पाणी खाली गेलं. वरच्या गावातल्या मिरच्या-वांग्यांनी माना टाकल्या. खेळाडूला फार वाईट वाटलं. उन्हाळाभर कावडीने पाणी वाहून त्याने जमेल तेवढी रोपं जगवली.

पुढच्या वर्षी समोर पुन्हा तीच सून. ढोलवाल्याने टिपरू उचललं.

"थांब रे गड्या," खेळाडू म्हणाला. "आधी तिची खेळी बघू दे."

डाव दिवस कलेपर्यंत रंगला. अखेर पाणी वरच्या गावाकडे वळलं, आणि मगच ढोल वाजला.

तात्पर्य: सुरुवात कितीही पाठ असली तरी समोरच्याची खेळी बघावी, आणि चूक दिसली, की सारं गाव बघत असलं तरी हात आवरावा.