राजाच्या घराण्याची पंगत

“माई, कुत्र्यांवर पडलेला शाप माणसांवर येतो का वो?”

माई वाती वळत होत्या. हात थांबला नाही.

“कुणी दिला?”

“वहिनींनी.”

विचारणारे मानाजीराव डुबल. येरळेकाठच्या या मठात ते वर्षातून एकदा यायचे, नारळ ठेवायचे आणि चहाला न थांबता निघायचे. आज नारळ आणायलाही विसरले होते. कारवानी कुत्र्यांचा त्यांच्याइतका शौकीन पंचक्रोशीत नव्हता, आणि पंचक्रोशीला हे त्यांनीच सांगितलेलं होतं.

“दादा गेल्यावर वाटण्या झाल्या. राजाला मी ठेवून घेतला. आमचा जुना नर तो. त्याच्या बक्षिसांनी भिंत भरलीय. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, भावजी, तुमच्याकडं पिल्लू जगायचं न्हाई.”

“मग?”

“राजा म्हातारा होऊन गेला. त्याच्या वंशात आता लागोपाठ तीन वेतं वाया गेली. पिल्लं अंगच धरत न्हाईत. शेवटचं एक राहिलं होतं, ते काल...”

माईंचा हात थांबला.

“आन् सूनबाईला सातवा लागलाय,” मानाजीराव म्हणाले.

खरा प्रश्न हा होता. तो विचारायला ते कुत्र्यांच्या वाटेनं आले होते.

“कुत्र्यांचा डॉक्टर काय म्हणतो?”

“म्हणतो, वंशाचं रक्त बदला. कालचं पोरगं! त्याला काय कळतंय?”

मानाजीरावांनी पिशवीतून दोन दाखले काढले. प्लॅस्टिकच्या पाकिटात, घडी न पडलेले.

“हे बघा. विक्रम आन् बिजली, त्या पिल्लांचे आईबाप. कुत्र्यांच्या क्लबचा माणूस घरी येऊन दोघांना बघून गेला, मानेत चिप बसवली, तवा ही कागदं मिळाली. बाप, आजा, पणजा, सगळी नावं छापलेली. बाहेरचं एक जनावर मी वंशात शिरू दिलं न्हाई. दोन्ही दाखल्यांवर मिळून आज्यांच्या रांगेत राजाचं नाव चारदा हाय. चारदा!”

माईंनी कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“यंदाचा म्हाळ घातलास?”

“परवाच.”

“किती पिढ्यांना हाक मारलीस?”

“रीतीनं तीन. बाप, आजा, पणजा. आईकडच्याबी.”

“मग तुझ्या पिल्लांच्या पणज्यांना जेवायला बोलवू. पानं मांड.”

“कुत्र्यांना? माई, गाव हसंल.”

“गावाला कुठं बोलावलंय?”

मानाजीराव उठले. पणजे चार, पणज्या चार. सारवलेल्या ओसरीवर त्यांनी आठ पत्रावळी मांडल्या. माईंनी भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

“बोलव एकेकाला.”

मानाजीरावांनी घसा खाकरला. विक्रमचा दाखला हातात धरून ते लग्नातल्या मानकऱ्यांसारखी नावं पुकारू लागले.

“विक्रमच्या बापाचा बाप, राजा!”

पहिल्या पानावर मूद पडली.

“विक्रमच्या बापाची आई, तारा.”

दुसऱ्या पानावर.

“विक्रमच्या आईचा बाप, राजा!”

“तो जेवतोय,” माई म्हणाल्या.

“आँ?”

“पहिल्या पानावर बसलाय की. एका जिवाला पानं किती?”

“एक.”

“मग हे उचल.”

मानाजीरावांनी तिसरं पान उचललं. चौथ्यावर हिरा आली, तिला मूद मिळाली. मग त्यांनी बिजलीचा दाखला घेतला.

“बिजलीच्या बापाचा बाप...”

आवाज खाली आला होता.

“राजा.”

मानाजीरावांनी आपणहून पान उचललं. पुढचं तारेचं. ती बसलेली होती. उचललं. पुढचं पुन्हा राजाचं. शेवटचं हिरेचं. ही नावं त्यांनी मोठ्यानं वाचलीच नाहीत.

ओसरीवर तीन पानं राहिली. पाच मानाजीरावांच्या हातात होती.

“बाकीचे कुठं गेले?”

मानाजीराव हातातली पानं मोजू लागले.

“मानाजी?”

“गेले न्हाईत, माई. मी येऊच दिले न्हाईत.”

“वहिनीनं अडवले असतील.”

“न्हाई वो...” मानाजीरावांनी मान हलवली. “मी.”

ते भिंतीला टेकून खाली बसले. चूक सापडली की माणूस सहसा चिडतो. मानाजीरावांच्या चेहऱ्यावर मात्र रागाचा मागमूस नव्हता. कुणी चिमटीत धरलेला जीव सोडून द्यावा तसे ते श्वास घेत होते.

“म्हंजे शाप न्हाई?”

माईंनी नवी वात घेतली.

“सूनबाई कुठली?”

“बेळगावाकडची. पोरानं परस्पर जमवलं. मी लग्नाला गेलो न्हवतो.”

“तिचे पणजे?”

“कोण कुठले देव जाणे. त्यांच्यातला एकबी आमच्यातला...”

मानाजीराव थांबले. मग सरळ होऊन बसले.

“एकबी आमच्यातला न्हाई, माई!”

लग्न झाल्यापासून हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवत होते. आनंदानं पहिल्यांदाच म्हणाले. म्हणता म्हणता डोळे भरून आले, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

“नातवंडाची आठच्या आठ भरतील,” ते म्हणाले. “भरतील की वो!”

“भरतील.”

ओसरीखाली चिमण्या भांडत होत्या.

“क्लबच्या नोंदीत दुसरी घराणी न्हाईत?” माईंनी विचारलं.

“हायत की. लातूरकडं हायत, सोलापूरकडं हायत. पायाला चपळ, दमाची. पण त्यांच्यात राजा न...”

मानाजीरावांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसले. माईही हसल्या.

“वहिनींच्या दारावरनं मान फिरवून जात होतो, माई. इतकी वर्षं. भीती वाटायची त्यांची. उगाच...”

माई वळलेल्या वाती तबकात ठेवत होत्या.

मानाजीराव उठले. हातातली पाच पानं त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर नीट रचून ठेवायला घेतली.

“खाली मांड ती,” माई म्हणाल्या. “बाकीचे यायचेत अजून.”