दलालाचा रुमाल आणि घराची तीन पानं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजे पहाटे उठायचे आणि त्यांचे प्रधान खरं बोलायचे. यावरून काळाचा अंदाज करा.

त्या काळी एका राज्यात बैलांचा एक दलाल राहत होता. तो चारचौघांत छाती काढून सांगायचा, "माणूस नुसता समोर येऊन बसला, की त्याच्या मनातला आकडा मला दिसतो." आणि कोणी वाहवा करायच्या आत स्वतःच पुढे म्हणायचा, "आता मागल्या बाजारात मला एकाने आंधळी म्हैस विकली, ती गोष्ट वेगळी. तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं."

त्या राज्यात बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर दलालाचा रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. चेहरे मात्र असे, की जणू दोघंही कीर्तन ऐकताहेत. समोरच्याची करंगळी जरा थरथरली, की आपला दलाल ओळखायचा, हा अजून वर चढणार. आणि चढवायचाच. त्याचा रुमाल आजोबांपासून चालत आलेला होता. रीत अशी होती, की रुमाल ज्याचा त्यानेच वापरायचा. उसन्या रुमालाखाली कोणी बोट घालत नसे. रुमाल गेला, की दलाली गेली.

वेशीबाहेरच्या धर्मशाळेत पत्त्यांचा एक फड होता. तिथे माणसं एकमेकांशी खेळत नसत. प्रत्येक जण घराशी, म्हणजे फड चालवणाऱ्याशी खेळे. घराचा मालक कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेला असे आणि घराची पानं एक म्हातारी वाटत असे.

खेळ सोपा होता. एक कवडी आधी लावायची. मग तीन पानं तुम्हाला, तीन झाकलेली घराला. आपली पानं बघायची. नको वाटली तर टाकायची, ती एक कवडी घराची. हवी वाटली तर आणखी दोन कवड्या चढवायच्या. मग घराची पानं उघडायची. घरात प्रधान, म्हणजे राजाच्या खालचं पान, किंवा त्याहून मोठं पान असलं किंवा जोडी असली, तर घर खेळे आणि ज्याची पानं वरचढ तो जिंके. मोठं पान सारखं निघालं तर पुढचं बघायचं, तेही सारखं तर त्याच्या पुढचं. घरात तेवढंही नसलं तर घर झोपलं म्हणायचं. तुमच्या कवड्या तुम्हाला परत, वर एक बक्षीस.

दलाल मांडी ठोकून बसला. पहिल्याच डावात त्याच्या हाती दुर्री, चौकी आणि सत्ती आली. म्हणजे काहीच नाही. पण गडी असा हसला, की जणू तीन राजे पाहुणे आलेत. ऐटीत दोन कवड्या चढवल्या. बाजारात एवढ्यावर समोरचा गळाठला असता.

म्हातारीने वर पाहिलंही नाही. तिने पानं उघडली आणि कवड्या ओढून घेतल्या.

पुढच्या डावाला त्याने उसासा टाकला. त्याच्या पुढच्याला खोकला. एकदा तर हात थरथरवला. म्हातारी आपली पानं उघडतच राहिली. मग त्याने तिचा चेहरा वाचायला घेतला. तिची भुवई हलली, तेव्हा याने हातातला राजा टाकून दिला, कारण भुवई म्हणजे घराकडे मोठी पानं. ती भुवईवर बसलेली माशी होती. तुम्ही हसताय, पण तुम्ही तरी शेजाऱ्याच्या खोकल्यावरून काय काय ओळखता, ते आठवून बघा.

कवड्या संपल्या. दलालाने कमरेचा रुमाल सोडला आणि डावावर ठेवला. हां हां म्हणता रुमाल मालकाच्या खुंटीवर गेला.

बाजार तीन दिवसांवर होता. दलाल मालकाच्या पाया पडला. मालकाने अडकित्ता न थांबवता अट सांगितली: दहा कवड्या घेऊन ये, ज्या डावात चढवून खेळत्या घरावर मात करशील, त्या डावात रुमाल तुझा. घर झोपलं तर रुमाल नाही. आणि कवड्या संपल्या तर रुमालाचं फडकं होईल, फडाची चटई पुसायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी अंगणात वाल सोलत होती. दलाल तिच्यापुढे जाऊन बसला आणि विचारू लागला, की आजी, तुझ्या चेहऱ्यावर एवढी वर्षं काही दिसत कसं नाही, ही विद्या कुठली?

म्हातारीने सोललेला वाल टोपलीत टाकला. "घराची पानं झाकलेली असतात रे. उघडेपर्यंत मीच बघत नाही. माझ्या तोंडावर काय वाचत होतास?"

दलालाचं तोंड आंधळ्या म्हशीसारखं झालं.

मग म्हातारीने त्याला शिकवलं, फुकट नाही, वाल सोलून घेऊन. घराला घाबरता येत नाही, म्हणून त्याला घाबरवता येत नाही. हाती प्रधान असेल आणि बाकीची दोन अगदीच चिल्लर नसतील, किंवा राजा असेल, किंवा जोडी, तर चढव. नाहीतर टाक. टाकताना तोंड वाकडं केलंस तरी चालेल, बघणारं कोणी नाही. दोन दिवस दोघं चिंचोके लावून खेळले. तिने त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पहिल्या दिवशी त्याचा हात दर डावाला चढवायला पुढे जाई आणि म्हातारी त्यावर वालाची शेंग मारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपली रिकामी झाली, तेव्हा तिने आणखी एक सांगितलं. एवढं नीट खेळलास तरी शंभर डावांच्या शेवटी घराच्याच चार कवड्या जास्त निघतात. नाहीतर मला पगार कुठून मिळतो?

बाजाराच्या दिवशी सकाळी दलाल पायातले नवे जोडे विकून दहा कवड्या घेऊन आला. बघायला निम्मं गाव जमलं होतं, कारण दुसऱ्याची फजिती फुकट असते.

पहिला डाव त्याने टाकला. दुसराही टाकला. लोक हसले. तिसऱ्याला चौकीची जोडी आली, त्याने चढवलं, तर घर झोपलं. चौथा टाकला. पाचव्याला हातात राजा होता, पण घराचा राजा वरचढ संगतीत निघाला आणि तीन कवड्या गेल्या. सहावा टाकला. सातव्याला नव्वीच्या वर काही नव्हतं. एक जण मागून म्हणाला, दलालाचा बाणा गेला वाटतं. दलालाचा हात कवड्यांकडे सरकला, तिथेच थांबला, आणि त्याने पानं खाली ठेवली.

आता तीनच कवड्या उरल्या. एक लावायला, दोन चढवायला.

पानं आली. प्रधान, नव्वी, सत्ती. चढवण्याजोगी, जेमतेम. दलालाला हसू आणता येईना, उसासाही टाकता येईना. त्याने दोन कवड्या सरकवल्या.

म्हातारीने उघडलं. प्रधान. मग नव्वी. अडकित्ता थांबला. तिसरं पान पंजी निघालं.

मालकाने उठून रुमाल खुंटीवरून काढला आणि पुढे केला. लगेच त्याचा आवाज मधासारखा झाला. म्हणाला, दलालसाहेब, आज हात लागलाय, बसा अजून घटकाभर, जोडेही परत मिळवून जा. लोकांनीही आग्रह केला. दलाल अर्धा खाली वाकला. मग त्याने रुमाल कमरेला घट्ट आवळला, कवड्या उचलल्या आणि अनवाणीच उभा राहिला.

बाजाराकडे निघताना मात्र त्याला राहवलं नाही. दारात वळून तो म्हणाला, "बघितलंस ना आजी? घराला हरवलं मी."

म्हातारी पानं पिसत होती. "घर हरत नसतं, बाबा. समोरच्याचा नियम जो शिकून घेतो आणि वेळेवर उठतो, त्याचं त्याच्याजवळ राहतं, एवढंच."