शेजारचं विरजण

एकदा चर्चच्या एका वृद्ध पाळकांकडे पवित्र शास्त्र शिकणारी एक तरुणी संध्याकाळी धावतच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती, आणि आत नेण्यापूर्वी तिनेच प्रार्थना करावी अशी आईची इच्छा होती.

"पाळकबाबा, मला ते जमायचं नाही. मी सगळी भेसळ करून ठेवलीय. शास्त्रवाचन आपल्या मंडळीचं, पण आपल्या शेजारच्या कॅथलिक मावशींची जपमाळ माझ्या उशाशी असते. उपास-प्रार्थनेच्या सभेत जाऊन त्या लोकांबरोबर मोठ्यानं रडले. आईच्या वॉर्डातली केरळची नर्स येशूच्या नावाची एक छोटीशी प्रार्थना श्वासागणिक म्हणते, तीही उचलली. काका म्हणतात, असली प्रार्थना देव ऐकत नाही. माझ्यामुळे आईला काही झालं तर?"

पाळकांनी पातेल्यातले दूध कोमट आहे का, ते बोटाने पाहिले. "मांजरानं कालचं दही संपवलं. जा, मावशींकडून विरजण आण."

"आत्ता?"

"दूध निवतंय."

ती गोंधळलेलीच शेजारी गेली. मावशी वाटीत दही घालत म्हणाल्या, "पाळकांना म्हणावं, वाट्या परत करा! तुमच्या कपाटात माझ्या वाट्यांची मंडळी स्थापन झालीय." मग तिचा चेहरा पाहून हळूच म्हणाल्या, "आईसाठी माळ ओढतेय हो मी."

परत येऊन तिने विरजण लावले. लगेच झाकण उचलून पाहिले. थोड्या वेळाने पातेले कलते करून पाहिले. पाळकांनी झाकणावर हात ठेवला. "हलवत राहिलीस तर लागणार नाही. घरी जा. सकाळी ये."

सकाळी ती आली, डोळे सुजलेले. पाळकांनी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली.

"छान लागलंय," ती म्हणाली.

"कोणाच्या घरचं?"

"तुमच्याच."

"विरजण तर मावशींचं."

"पण दूध तुमचं ना?"

पाळक हसले. "मग भेसळ कसली? प्रभूवरचा विश्वास तुला आईनं दिला; ते तुझं दूध. शब्द सुचेनात तेव्हा बोटांनी प्रार्थना करायला मावशींनी शिकवलं. देवापुढे न लाजता रडायला त्या सभेनं, आणि त्याचं नाव श्वासाइतकं जवळ ठेवायला त्या नर्सनं. भेसळ करणारा फसवायला पाणी घालतो, बाळ. तू भुकेपोटी विरजण मागितलंस."

"मग कोणाकडूनही घ्यावं?"

"वास घेऊन. ज्यानं नुसती भीती वाढते आणि शेजारी हलका वाटू लागतो, ते नासलेलं. सख्ख्या काकांनी दिलं तरी घेऊ नये."

"आणि आई... वाचेल ना?"

"ते मला ठाऊक नाही," पाळक म्हणाले. "ते झाकण माझ्याही हाती नाही."

दवाखान्यात तिने आईच्या मुठीत जपमाळ ठेवली आणि स्तोत्र वाचू लागली. मध्येच रडू फुटले, ते तिने आवरले नाही. शब्द संपले तेव्हा दोघी ती छोटी प्रार्थना म्हणत राहिल्या, श्वासाबरोबर. मग आईला आत नेले.

दार बंद झाले. दाराला एक लहानशी काच होती. ती बाहेरच्या बाकावर बसली, पण काचेतून डोकावायला उठली नाही.